एचआयव्ही उपचार आणि अल्पसंख्याक समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने परिचारिका आणि समुपदेशकांकडून येतात. काही एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी विचारलेले आहेत, तर काही त्यांच्या घरच्यांनी. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दोन विषय एकमेकांत शिरतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट सगळीकडे गृहीत धरा: गोळ्यांची वेळ, मात्रा किंवा प्रकार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बदलायचा नाही.

१. विषाणू एकच, गोळ्याही त्याच. मग संस्कृतीचा संबंध येतो कुठे?

गोळी हातात येऊन रोज पोटात जाण्याच्या मधल्या टप्प्यांत येतो. डोल्युटेग्रावीर या औषधावर आधारलेले आजचे उपचार नियमित घेतले, तर बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तीन ते सहा महिन्यांत तपासणीत न दिसण्याइतका खाली येतो. औषधाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. अडतं ते इतरत्र: माणूस तपासणीला येतो का, रिपोर्ट घ्यायला परततो का, एका खोलीत सहाजण राहत असतील तर डबी ठेवतो कुठे, दवाखान्याच्या दारात ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगतो. यावर भाषा, घर, धर्म, कायदा आणि आधीचे अनुभव यांचा प्रभाव असतो.

सांस्कृतिक भान ठेवून उपचार करणं म्हणजे या गोष्टी धरून सेवेची मांडणी करणं. कोणत्या समाजात काय चालतं आणि काय चालत नाही, याची यादी पाठ केल्याने ते येत नाही. मेलनी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या डॉक्टरांनी १९९८ मध्ये ‘सांस्कृतिक नम्रते’ची कल्पना मांडली, तिचा रोख हाच होता. दुसऱ्याच्या संस्कृतीत कुणी पारंगत होत नाही. स्वतःचे पूर्वग्रह तपासत राहायचं आणि समोरच्यालाच विचारायचं.

२. इथे ‘अल्पसंख्याक’ म्हणजे कोण?

वांशिक, भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्य, आदिवासी समूह, स्थलांतरित आणि निर्वासित, समलैंगिक पुरुष, ट्रान्स (पारलिंगी) व्यक्ती. एकच माणूस यातल्या दोन-तीन गटांत असतो आणि खरी पंचाईत तिथेच होते. धार्मिक घरातला स्थलांतरित समलैंगिक तरुण स्थलांतरितांच्या संस्थेत आपली लैंगिकता लपवतो, तर समलैंगिकांच्या संस्थेत त्याची भाषा कुणाला येत नाही. दोन्ही संस्था चांगलं काम करत असतात आणि हा मुलगा दोन्हींच्या हातून निसटतो.

३. आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो. ते पुरेसं नाही का?

हेतू चांगला आहे, पण ज्यांच्या सोयीने वेळापत्रक, फॉर्म आणि भाषा ठरल्या, त्यांनाच ‘सारखी’ सेवा सोयीची पडते. सकाळी अकराची वेळ सर्वांना सारखीच दिली, तरी रोजंदारीवरच्या माणसाला ती एका दिवसाच्या कमाईची पडते. आपण सगळ्यांना सारखं वागवतो की नाही, हे मनाला विचारून कळत नाही. नोंदवही काढून पाहावी लागते. त्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

४. मोफत उपचार असूनही काही समाजांतले लोक दवाखान्यावर विश्वास का ठेवत नाहीत?

कारण त्या अविश्वासाला इतिहास आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी भागात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना योग्य उपचारांविना ठेवलं आणि आजार कसा वाढतो ते पाहिलं. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेनिसिलिन हा सिफिलिसचा रूढ उपचार झाला. तेही त्यांना दिलं नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून हे बाहेर आलं आणि राष्ट्राध्यक्षांची माफी यायला १९९७ उजाडलं.

एचआयव्हीच्या इतिहासातही असं घडलं आहे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जास्त धोका असलेल्यांच्या यादीत हैती देशातून आलेल्या लोकांना सरसकट घातलं. वागणुकीवरून नव्हे, जन्मस्थानावरून. १९८५ मध्ये ते नाव यादीतून काढलं, पण शिक्का बसायचा तो बसला होता. १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हैतीच्या लोकांनी रक्तदान करू नये अशी सूचना काढली. त्याविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन पुलावरून हजारोंचा मोर्चा निघाला आणि त्याच वर्षअखेर ती मागे घ्यावी लागली.

तेव्हा ‘हे औषध आमच्यावर प्रयोग म्हणून देताय का?’ असं कुणी विचारलं, तर तो अडाणीपणा समजू नका. ‘तुमची शंका रास्त आहे, असं पूर्वी झालंय’ एवढं मान्य करून मग उत्तर द्या: हेच औषध कोणकोणत्या देशांत दिलं जातं, तुमच्या रक्ताच्या नमुन्याचं काय होतं, रिपोर्ट कुणाला दिसतो. शंकेला आकड्यांनी लगेच गप्प केलं की माणूस मान डोलावतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

५. एखाद्या समाजात एचआयव्ही जास्त आढळतो, म्हणजे तिथले लोक बेफिकीर असतात ना?

नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय समलैंगिक पुरुषांमध्ये लागण कितीतरी जास्त आहे, पण अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा त्यांचं जोखमीचं वर्तन इतरांपेक्षा जास्त निघालं नाही. फरक परिस्थितीत आहे. लहान समाजात जोडीदार बहुधा त्याच वर्तुळातले असतात. त्या वर्तुळात निदान न झालेले किंवा उपचार न मिळालेले लोक जास्त असतील, तर सारखीच काळजी घेणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला लागण होण्याची शक्यता कितीतरी वाढते. त्यात विमा नसणं, तुरुंगवास, बेघर होणं यांची भर पडते. ‘तुमच्या लोकांत हे प्रमाण फार आहे’ असं रुग्णाला ऐकवून काहीच साधत नाही.

६. रुग्णाला आमची भाषा येत नाही. सोबतच्या नातेवाइकाला दुभाषी केलं तर चालेल का?

एचआयव्हीच्या बाबतीत जवळपास कधीच नाही, आणि मुलांना तर मुळीच नाही. आईच्या लैंगिक संबंधांविषयीचे प्रश्न बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून विचारले गेले, तर आई खरं उत्तर देणार नाही आणि मूल तो प्रसंग विसरणार नाही. नवरा दुभाषी असेल तर घरातली मारहाण कधीच समोर येणार नाही. शिवाय नातेवाईक बिनप्रशिक्षित असतात. ते गाळतात, सौम्य करतात, कधी मनचं घालतात.

प्रशिक्षित दुभाषी घ्या, समोर नसेल तर फोनवर. दुभाष्याकडे न पाहता रुग्णाकडे पाहून बोला. शेवटी ‘समजलं का?’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘हो’च येतं. ‘घरी गेल्यावर या गोळ्या कशा घेणार, ते मला सांगा’ असं म्हणा. रुग्ण जे सांगेल त्यावरून तुमचं समजावणं कितपत पोचलं ते कळेल.

७. दुभाषी माझ्याच समाजाचा निघाला. तो बाहेर बोलला तर?

ही भीती अगदी व्यवहारी आहे. एखाद्या शहरात एका भाषेचे दोनशे लोक असतील, तर दुभाषी तुमच्या मावशीच्या ओळखीचा असणारच. तुम्हाला नकार देण्याचा हक्क आहे आणि कारण सांगायची गरज नाही. दुसऱ्या शहरातला दुभाषी फोनवर मागा, आपलं नाव त्याला सांगू नका असंही सांगा. दवाखान्यांनी हा पर्याय आपणहून पुढे करावा, कारण रुग्ण बहुधा तक्रार न करता निघून जातो.

८. लैंगिक आयुष्याविषयी विचारायला संकोच वाटतो. समोरचा धार्मिक, वयस्कर असला तर आणखीच. कसं विचारावं?

आधी कारण सांगा आणि परवानगी घ्या: ‘मी हे प्रश्न सगळ्यांनाच विचारतो, यावरून कोणत्या तपासण्या करायच्या ते ठरतं. विचारू का?’ मग ओळखीऐवजी कृतीबद्दल विचारा. ‘तुम्ही समलैंगिक आहात का?’ याला अनेक पुरुष मनापासून ‘नाही’ म्हणतील. त्यांना बायको-मुलं असतात आणि पुरुषांशी संबंधही असतात, आणि ते स्वतःला कोणतंही नाव देत नाहीत. ‘तुमचे संबंध पुरुषांशी, स्त्रियांशी की दोघांशी?’ याला उत्तर मिळतं. दार बंद असावं आणि सोबत आलेल्याला काही मिनिटं बाहेर बसवण्याची पद्धत सर्वांसाठी असावी, म्हणजे कुणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही.

वयस्कर माणसाला यातलं काय विचारायचं, असं वाटून प्रश्नच टाळले जातात. मग निदान उशिरा होतं, कित्येकदा आजार पुढच्या टप्प्यावर गेल्यावर. संकोच बऱ्याचदा विचारणाऱ्यालाच जास्त असतो.

९. व्हायरल लोड ‘अनडिटेक्टेबल’ (तपासणीत न दिसण्याइतका कमी) असला की लागण होत नाही, हे खरंच आहे का? माझ्या घरी कुणाला पटत नाही.

लैंगिक संबंधांपुरतं हे पूर्ण खरं आहे. एका जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि त्याचा व्हायरल लोड उपचारांनी दबलेला आहे, अशा जोडप्यांचा युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१६ आणि २०१९ मध्ये निष्कर्ष आले. कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध येऊनही त्या जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट केलं की अनडिटेक्टेबल असताना लैंगिक जोडीदाराला लागण होण्याचा धोका शून्य असतो. मात्र गोळ्या सुटल्या की हे लागू राहत नाही. स्तनपानाचंही वेगळं आहे (प्रश्न १४).

घरी पटत नाही, कारण घरच्यांची भीती ताट, पेला, टॉवेल यांच्याशी जोडलेली असते. तिथे व्हायरल लोडचं शास्त्र सांगणं म्हणजे वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देणं. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, डास चावल्याने, एकच शौचालय वापरल्याने एचआयव्ही कधीच होत नाही, अगदी उपचार चालू नसले तरीही. आधी हे सांगा. घरात ज्याचा शब्द चालतो अशा एकाला, रुग्णाची संमती असेल तर, समुपदेशनाला बोलवा. सगळ्या कुटुंबाला एकदम पटवायच्या मागे लागू नका.

१०. मी रोजे ठेवतो. गोळ्यांचं काय करू?

दिवसातून एकदाच घ्यायच्या बहुतेक गोळ्या रोजा सोडल्यावर किंवा पहाटेच्या जेवणाबरोबर घेता येतात. डोल्युटेग्रावीर पोट भरलेलं असो वा रिकामं, चालतं. रिल्पिव्हिरीन असेल तर पूर्ण जेवणाबरोबरच घ्यावं लागतं, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. इफाव्हिरेन्झ रिकाम्या पोटी, झोपताना. दिवसातून दोनदा गोळ्या असतील तर दोन वेळांतलं अंतर जुळतं का ते आधी पाहावं लागतं. म्हणून महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोला. केवळ पाण्यावरचे लांब उपास करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

डॉक्टरांसाठी: आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, हे रुग्णाला माहीत असतं. तरी तो रोजा ठेवतो, कारण घरात एकटाच जेवायला बसला तर ‘तुला काय झालंय?’ हा प्रश्न येतो. ‘उपास करू नका’ एवढंच सांगितलंत, तर तो उपास करेल आणि तुम्हाला सांगणार नाही.

११. गोळ्यांबरोबर झाडपाल्याचं औषध घेतलं तर?

काय घेता यावर आहे. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवर वापरली जाणारी वनस्पती एचआयव्हीच्या अनेक औषधांचं रक्तातलं प्रमाण घटवते, तेव्हा ती नकोच. कॅल्शियम, लोह, जस्त यांच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरची काही औषधं डोल्युटेग्रावीरला आतड्यात धरून ठेवतात. म्हणून डोल्युटेग्रावीर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं. कॅल्शियम किंवा लोह मात्र जेवणाबरोबर एकाच वेळी घेता येतं. अनोळखी मिश्रण असेल तर पुडी किंवा बाटली दवाखान्यात दाखवा.

विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर तुच्छता दिसली की ही माहिती मिळत नाही. ‘याशिवाय बरं वाटावं म्हणून आणखी काय करता?’ हा प्रश्न पुरतो.

१२. धर्मगुरूंनी सांगितलं, श्रद्धा असेल तर गोळ्या सोड. मी सोडल्या. आता?

लवकरात लवकर दवाखान्यात या. कुणी रागावेल म्हणून थांबू नका. सोडल्याची तारीख खरी सांगा. व्हायरल लोड आणि गरज पडल्यास विषाणू औषधांना दाद देईनासा झालाय का याची तपासणी करून उपचार पुन्हा सुरू होतात. तुम्हाला हिपॅटायटिस बी असेल आणि गोळ्यांत टेनोफोव्हिर हे औषध असेल, तर त्या एकदम थांबवल्याने यकृताला मोठी सूज येऊ शकते. हे वेगळं सांगा.

समुपदेशकांनी रुग्णाला देव आणि डॉक्टर यांत निवड करायला लावू नये. त्या स्पर्धेत दवाखाना हरतो. प्रार्थना चालू राहू दे, गोळ्याही चालू राहू देत. आणि सगळे धर्मगुरू विरोधात नसतात. प्रवचनातून तपासणीचं आवाहन करणारेही आहेत, त्यांच्याशी ओळख ठेवणं हे समुपदेशकाचं कामच आहे.

१३. वंशानुसार औषध वेगळं द्यावं लागतं का?

नाही. प्रत्येकाची तपासणी करावी लागते. अबाकाव्हिर हे एचआयव्हीचं औषध देण्याआधी एचएलए-बी*५७:०१ हे जनुक पाहतात, कारण ते असल्यास जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते. ते आफ्रिकी वंशात कमी आढळतं, तरी चेहरा पाहून तपासणी गाळायची नसते. उलट उदाहरण पांढऱ्या पेशींचं. आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतल्या वंशांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जन्मतःच कमी असणं सर्वसामान्य आहे. ते माहीत नसेल तर निरोगी माणसाचं औषध उगाच बंद केलं जातं.

आणि कधी वंशाचा आकडाच चुकीचा ठरतो. मूत्रपिंडाचं काम मोजायच्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांचं मूत्रपिंड आहे त्यापेक्षा बरं दिसायचं. २०२१ च्या सुधारित सूत्रातून तो काढला. टेनोफोव्हिरचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते घेणाऱ्यांच्या बाबतीत हे आकडे रोजच्या कामाचे आहेत.

१४. व्हायरल लोड दबलेला आहे. बाळाला अंगावर पाजू का? पाजलं नाही तर सासरी कळेल.

लागणीचा धोका एक टक्क्याहून कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून प्रश्न ९ मधला ‘शून्य’ इथे लावू नका. सल्ले देशागणिक वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटना उपचार चालू असलेल्या आईला किमान बारा महिने पाजायला सांगते, विशेषतः जिथे स्वच्छ पाणी आणि वरच्या दुधाची खात्री नाही तिथे. श्रीमंत देश वर्षानुवर्षं ‘पाजू नका’ म्हणत. अमेरिकेने २०२३ मध्ये आपली मार्गदर्शक सूचना बदलून आईशी चर्चा करून निर्णय घ्यावा असं म्हटलं.

या बदलामागे तुमच्यासारख्याच आयांचे अनुभव होते. जिथे प्रत्येक बाई पाजते तिथे बाटली हाच रिपोर्ट ठरतो. पाजायचं ठरलं तर गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, बाळाला औषध किती दिवस ते डॉक्टरांकडून समजून घ्या, स्तनाला सूज किंवा भेगा आल्यास लगेच कळवा. न पाजायचं ठरलं तर नातेवाइकांना काय कारण सांगायचं, हे बाळंतपणाआधीच समुपदेशकासोबत ठरवून ठेवा.

१५. मी ट्रान्स स्त्री आहे. एचआयव्हीच्या गोळ्यांनी माझे हार्मोन्स बिघडतील का?

डोल्युटेग्रावीर किंवा बिक्टेग्रावीरमुळे इस्ट्रोजेन या हार्मोनच्या मात्रेत बदल करावा लागत नाही. रिटोनावीर किंवा कोबिसिस्टॅट असलेल्या औषधांच्या जोड्या आणि इफाव्हिरेन्झ यांच्यामुळे हार्मोन्सचं प्रमाण वरखाली होऊ शकतं. तेव्हा पर्याय मागता येतो. या भीतीपोटी अनेकजणी हार्मोन्स घेतात आणि एचआयव्हीच्या गोळ्या सोडतात, म्हणून डॉक्टरांनी हे न विचारताच सांगावं. आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्यांसमोर जुन्या नावाने पुकारा करणं थांबवावं. त्याला ना खर्च आहे ना परवानगी लागते.

१६. माझ्याकडे या देशात राहायची कागदपत्रं नाहीत. उपचार मिळतील का? पोलिसांना कळेल का?

देशावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये इंग्लंडने १ ऑक्टोबर २०१२ पासून एचआयव्हीचे उपचार कागदपत्रांची अट न घालता सर्वांना मोफत केले. इतरत्र नियम वेगळे. जाण्याआधी एखाद्या एचआयव्ही संस्थेला नाव न सांगता फोन करून दोनच गोष्टी विचारा: माझ्या परिस्थितीत उपचार मोफत आहेत का, आणि माझी माहिती इमिग्रेशन खात्याकडे जाते का. ऐकीव माहितीवर राहू नका. ‘एचआयव्ही असलेल्याला अमेरिकेत प्रवेश नाही’ हे आजही लोक सांगतात, ती बंदी जानेवारी २०१० मध्येच उठली.

१७. कर्मचाऱ्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. त्याच समाजातला एक कार्यकर्ताही नेमला. आणखी काय?

एक दिवसाच्या प्रशिक्षणाने शब्द बदलतात, सवयी क्वचित. कार्यकर्ता नेमणं उत्तम. स्वतः एचआयव्हीसह जगणारा, तीच भाषा बोलणारा माणूस जे पाच मिनिटांत करतो ते इतरांना जमत नाही. पण त्याला अल्प मानधनावर राबवून त्या समाजाचा प्रत्येक रुग्ण त्याच्याच गळ्यात मारला जातो, आणि बाकीचे मोकळे होतात. त्याला पूर्ण पगार, ठरावीक वेळ आणि निर्णयाच्या बैठकीत जागा द्या. त्याची भीती बाळगणाऱ्या रुग्णांना दुसरा पर्यायही हवा (प्रश्न ७).

मग मोजा. एकूण रुग्णांपैकी किती जणांचा व्हायरल लोड दबला हा आकडा सगळे काढतात. तो भाषा, वंश, लिंग यांनुसार वेगवेगळा काढा. छोट्या गटात माणूस ओळखू येईल असा तक्ता भिंतीवर लावू नका. गैरहजर राहिलेल्यांना विचारा. जे नियमित येतात त्यांच्याच अभिप्रायावर दवाखाने खूश असतात.

१८. घरचे म्हणतात, ‘आमच्यात मोठी माणसं ठरवतात. रिपोर्ट आम्हाला सांगा, तिला नको.’ त्यांच्या पद्धतीचा मान ठेवायचा ना?

रिपोर्ट तिचा आहे, तो आधी तिलाच सांगायचा. घरच्यांना एकत्र निर्णय घ्यायची सवय असेल तर तेही जमवता येतं, फक्त ते तिने ठरवायचं. म्हणून नमुना घेण्याआधीच तिला एकटीला विचारून ठेवा: ‘रिपोर्ट तू एकटीने ऐकणार की कुणाला सोबत बसवू?’ काहीजणी खरोखरच सासूला किंवा भावाला बोलवायला सांगतात. तो तिचा निर्णय, तसं करा.

‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणून मारहाण, बळजबरी किंवा उपचार रोखणं चालवून घेतलं जातं, तिथे मान ठेवला जातो तो त्या घरातल्या सर्वांत जोरकस आवाजाचा. प्रत्येक समाजात मतभेद असतात, आणि तुमच्यासमोर बसलेली बाई त्याच समाजाची आहे. जोडीदाराला कळवण्याआधी ‘कळल्यावर तो काय करेल?’ हे विचारा. मारहाणीची भीती असेल तर कळवण्याची घाई नको. आधी ती आणि मुलं कुठे सुरक्षित राहतील ते ठरवा. नाव न सांगता जोडीदाराला तपासणीला बोलावण्याची सोय अनेक ठिकाणी असते, पण ज्या नवऱ्याचा संबंध एकाच बाईशी आहे त्याला निनावी चिठ्ठीतूनही नाव कळतंच, हे ध्यानात ठेवा.